पाचवी पिशवी

डिचोलीच्या बाजारात, केळीवाल्यांच्या ओळीमागे
नाडकर्ण्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान.
काउंटरवर तीन कॅल्क्युलेटर मांडून
ते म्हणाले, बघा, परवडेल तसा.

एक साधा. बेरीज, वजाबाकी, टक्के, वर्गमूळ.
असलाच आमच्या काटाघरात होता,
त्याचं सातचं बटण दोनदा दाबावं लागायचं.
दुसरा करडा, सरकत्या झाकणाचा, साडेसातशे.
तिसरा बाराशेच्या वर,
कपाळावरच्या काळ्या पट्टीनं ऊन खाणारा,
समीकरणंही सोडवतो म्हणे.

सुकांतीच्या हातात ब्रागांझा मिसची चिठ्ठी:
सरासरी हवी, प्रमाण विचलन हवं,
आलेख काढणारा परीक्षेत चालणार नाही,
मोबाइल तर नाहीच.

मी बाराशेवाल्याकडे बोट केलं.
बाबा, त्यातलं निम्मं मला लागणारच नाही.
पुढच्या वर्षी लागेल.
पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.
हे वाक्य तिच्या आईचं. आवाजही तोच.

नाडकर्ण्यांनी करडा माझ्यापुढे सरकवला.
घालून बघा की आकडे. कुठलेही पाच.

कुठलेही पाच.

अकरा वर्षं मी खाणीवर सॅम्पलर होतो.
ट्रक आला की चढायचं,
वरची नाही, आतली माती घ्यायची,
पिशवीत भरायची, ट्रकचा नंबर लिहायचा,
पिशवी लॅबमध्ये, लोखंड किती ते कागदावर.
सोयऱ्यांत सांगितलं की हसायचे,
माती वेचायचा पगार?
सुकांतीच्या पुस्तकात त्याला नमुना निवड म्हणतात.
पहिलाच धडा. ती झोपल्यावर
मी तो ओट्याशी उभ्यानं वाचला.

तर अठ्ठावन्न. सत्तावन्न. एकसष्ट. अठ्ठावन्न.
प्रत्येक आकड्यामागून ती एक बटण दाबत होती,
पडद्यावर मोजणी चढत होती,
एक, दोन, तीन, चार.
साडेअठ्ठावन्न, ती म्हणाली,
छान जवळजवळ आहेत सगळे.

हाच आकडा त्या संध्याकाळी मी वहीत लिहिला.
बार्ज जेटीला लागलेलं, भरती उतरायला आलेली,
आणि गावससाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले,
पाचवी पिशवी राहू दे.
राहिली. काटाघरामागे, घाणेरीच्या झुडपात.
ट्रक मात्र राहिला नाही,
तोही त्याच बार्जमध्ये रिकामा झाला.

चारच झाले, नाडकर्णी म्हणाले.

मी सेहेचाळीस दाबलं.

सरासरी छप्पन्नवर आली.
सुकांतीची भुवई वर, मग दुसरं एक बटण:
पाच पूर्णांक सात नऊ.
हे काय?
सरासरीपासून आकडे किती लांब उभे आहेत, ते.
आणि इथं पाचानं भागायचं नाही हं, चारानं.
नमुना असला की एक कमी धरायचा.
का?
ती अडखळली. मिसनी सांगितलं होतं,
सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली ना, म्हणून…
थांबा, परत विचारून येते.

एक कमी धरायचा, एवढं मला ठाऊक होतं.

करडाच घेतला.
नाडकर्ण्यांनी पन्नास सोडले, पावतीवर तिचं नाव घातलं,
आडनावाची वेलांटी चुकवली.

साखळीच्या बसमध्ये तिनं झाकण सरकवलं.
अजून आत आहेत तुमचे आकडे. पुसू?
उद्या वर्गात लागेल तेव्हा पूस.
बस वळणावर कलली, तिचा खांदा माझ्या खांद्यावर आला.
बाबा, तो सेहेचाळीस कुठला?
एक ट्रक होता.
कुणाचा?

कंडक्टर आला.
दोन साखळी, मी म्हटलं,
आणि खिशातले सुटे मोजत बसलो,
दोन तिकिटांना लागतो त्याहून
बराच जास्त वेळ.