विसरलेल्यांची पेटी

पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली
तर आधी एक झुरळ, मग डांबरगोळ्यांचा वास,
मग सतरा वर्षांचे पाहुणे.

उभादांड्याला आमच्या दोन खोल्या, तोंड समुद्राकडे.
नाताळात माणसं घाट उतरून येतात.
गाडीतून उतरताना अंगात स्वेटर,
संध्याकाळी कंबरेला,
तिसऱ्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर राहून गेलेला.
मी फोन करते. "ठेवा हो, पुढच्या वर्षी येतोच आहोत."
पुढच्या वर्षी ती कुठं जातात कोण जाणे.

यंदा आम्हीच निघालो, ऐन हंगामात कुलूप लावून.
जयवंत म्हणाला, "येड लागला काय तुका?"
आणि कुडाळला जाऊन स्वतःच तिकिटं काढून आला.
कुर्सियांग.
तिसऱ्या खेपेला नाव नीट म्हणता आलं.

तिथल्या बाईनं बजावलं: थंडी आहे, आणि ओल.
धुकं खिडकीतून घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत.
फोन ठेवल्यावर जयवंत किती वेळ हसत होता.
"ओल? ती आमका सांगतास?"

खरंच. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालणारे आम्ही.
चपलांवर श्रावणात धरणारी पांढरी साय,
आरशाच्या पाठीवरचे डाग,
कपाटात शालूंच्या सोबतीला
रात्रंदिवस जळणारा चाळीसचा बल्ब.
ओल आमच्या घरची.
पण थंडी?
थंडी मोजायचं आमच्याकडे एकच यंत्र,
खोबरेलाची बाटली. थिजली, की थंडी.
पंधरा दिवस. तेही पहाटेपुरते.

म्हणून पेटी.

राखाडी स्वेटर कऱ्हाडच्या गृहस्थांचा.
पहाटे एकटेच वाळूत चालून यायचे,
दोन चहा मागायचे,
एक प्यायचे, दुसरा निवेपर्यंत समोर ठेवायचे.
बिल दोन्हींचं द्यायचे. मी विचारलं नाही कधी.
जयवंतला तो बाह्यांत लांब होतो.

तपकिरी शाल इचलकरंजीच्या सासू-सुनांची.
चार दिवस तिच्यावरून धुसफुसल्या
आणि जाताना दोघींनी मिळून विसरल्या.
ती मला.

गोंड्याची कानटोपी जयवंतच्या टाळूवरच अडली.
मग त्यानं तिच्यात बल्ब ठेवला.
चाळीसचा. हो, नेतोय.
"थंयल्या कपाटात लावू. तेंका पण कळांदेत."
मी तांदळाची पुरचुंडी भरली, कापराच्या वड्या,
बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं,
कुळथाची पिठी, आणि आगळाची बाटली
तीन पिशव्यांत, एकीत एक.

भर दुपारी सगळं अंगावर चढवून बघितलं.
पंखा पाचवर. घाम पाठीवरून थेट टाचेत.
बांगडे घेऊन रोझालिन दारात आली,
टोपली खाली ठेवायचीच विसरली.
"चंद्रार चललास काय गो?"
आम्ही तिघं हसलो, मांजरानं संधी साधली,
एक बांगडा गेला. तो आमच्या हिशेबात.

पेटीच्या तळाशी एक लाल हातमोजा.
एकच. नाशिकच्या चिमुरडीचा,
तिनं गाडीचं दार धरून भोकाड पसरलेलं,
आई म्हणत होती, अगं, एकानं काय होतंय.
सापडला तो मेमध्ये, गादी उन्हात टाकताना.
आता तिचा हात माझ्याएवढा झाला असेल.
तीन बोटं घालून पाहिली. ऊब लगेच आली.

हा मात्र नेला नाही.
रिकाम्या पेटीत परत ठेवला, नवी डांबरगोळी सोबत,
आणि कडी घातली.

निघायच्या पहाटे वेणी घालायला बसले.
बाटली उपडी केली, तळव्यावर काही पडेना.
हलवली. दिव्यासमोर धरली.
आत सगळं पांढरं.
जयवंत दाराशी बॅग घेऊन उभा,
बाह्या दुमडलेल्या, दोन घड्या.
"बघ," म्हणाला, "व्हरूक इली."