नऊ बोटं

आनाक्लेतो,
तुझं भाषण बाईयात आलं
खारवलेल्या मासळीला गुंडाळून.
अर्ध्या पानावर तेल.
उरलेलं मापाड्यानं वाचलं, कुजबुजत,
काकवीच्या कढईआड.

रिओच्या सभागृहात तू म्हणे दोन तास बोललास.
'माणूस' हा शब्द किती वेळा आला, मी मोजत होते.
माझी बोटं नऊ,
एक चरकानं घेतलं, तुला ठाऊक आहे,
म्हणून दोनदा चुकले.

अक्षरं तू पोत्यांवरच्या छापांवरून शिकलास.
मी शिवायची, तू वाचायचास.
पहिलं अक्षर मालकाच्या आडनावाचं.
तेच आईच्या खांद्यावर होतं, डागलेलं.
तू ते राखेत गिरवलंस
आणि तळव्यानं पुसून टाकलंस.
त्या दिवशीच मला कळलं, हा इथं राहायचा नाही.

धर्मपित्यानं नाणी मोजली
ती तुझ्यापुरतीच निघाली.
राग नाही.
म्हणजे आहे,
पण चिपाडासारखा,
जाळला तरी मालकाचीच कढई उकळते.

कायदा येणार म्हणतात.
येईल तेव्हा येईल.
घंटा उद्याही पहाटे साडेतीनलाच.

आता तू बूट घालतोस.
पहिल्या दिवशी चावले का रे?
सुटून गेलेली बेनेदिता
बूट खांद्यावर टाकून बाजारात हिंडते.
पाय मावत नाहीत त्यात,
पण लोकांना दिसायला हवेत ना.

पुढच्या भाषणात
'हजारो भगिनी' म्हणू नकोस.
एउफ्राझिया म्हण.
नाव घेता येतं ना अजून,
इथल्यासारखं?