एक जून

आमच्याकडे सगळी मुलं एक जूनला जन्मतात.
फलाटावर सापडलेली, बाजारात हात सुटलेली,
मावशीनं 'आलेच' म्हणून गेटाशी ठेवलेली,
सगळ्यांच्या आया जणू
त्या एकाच पहाटे कळा सोसत होत्या
आणि शाळेचा बाबू दाराशी
रजिस्टर उघडून बसला होता.

म्हणून निरोपही एकाच दिवशी.
नवतपा सरलेला नाही,
पारा सेहेचाळीसवर,
रस्त्याचं डांबर चपला धरून ठेवतं,
आणि आमची अठरा पूर्ण झालेली तीन माणसं
पत्र्याच्या पेट्या घेऊन व्हरांड्यात.

आतिशला वसतिगृह मिळालं.
जाबीरचा मामा ऐनवेळी उगवला,
मोमिनपुऱ्यात पंक्चरचं दुकान.
मी जाऊन पाहून आले. मामा बरा वाटला.
अहवालात इतकंच लिहिता येतं:
बरा वाटला.

राहिला बुधराम.
इतवारी स्टेशनावर बुधवारी सापडला,
हवालदारानं तिथल्या तिथं नाव ठेवलं.
आडनावाच्या रकान्यात
तेव्हा मारलेली रेघ अजून तशीच आहे,
आधार कार्डावर मात्र रेघ चालत नाही म्हणून
तिथं नुसतं बुधराम बुधराम, दोनदा.

अनुरक्षणगृहाची यादी लागली नाही.
पत्र पाठवलं, स्मरणपत्र पाठवलं,
स्मरणपत्राची आठवण करून दिली.
शेवटी मानेवाड्यात एक खोली,
पहिल्या महिन्याचं भाडं कुणी दिलं
ते कुठल्याच खात्यात दिसणार नाही.

जायच्या आधी तो ऑफिसात आला,
हातात पाना आणि वाळ्याची नवी ताटी.
"मॅडम, तुमचा कूलर नुसता वारा फेकून रायला,
पाणीच चढून नाई रायलं वर."
खाली बसून पंप उघडला,
शेवाळ काढलं, नळी फुंकली,
आणि पाठमोराच म्हणाला,
"माहं खरं वय किती हाये, मॅडम?
तुमाले माईत असन."

मला आठवला मेयोतला तो अंधारा कॉरिडॉर,
एवढंसं मनगट एक्स-रेच्या थंड काचेवर,
तो रडला नाही, फक्त विचारलं,
"आतमंदी गाव दिसते का?"
डॉक्टरांनी लिहिलं: सात ते आठ.
त्या 'ते'वर माझं पेन थांबलं.
मी नवीन होते, मानधन तीन महिने थकलेलं,
देण्यासारखं माझ्याजवळ
दुसरं काही नव्हतं.
मी सात लिहिलं.

सांगितलं नाही त्याला.
म्हटलं, "कागदावर आहे तेच खरं."
तो हसला. कूलर घरघरला,
ताटीवरून पहिलं पाणी ओघळलं,
आणि खोलीभर
वाळ्याचा वास.
"महिनाभर काम हाये कूलरचं,
मंग पाह्यतो," म्हणाला,
पेटी खांद्यावर घेतली,
सायकल रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडला.
बरं वाटलं मला, भांडला ते.

दुपारी चारला पोलीस एक पोर घेऊन आले.
चारेक वर्षांची, एका पायात पैंजण.
नाव सांगत नाही, पाणी मागत नाही,
कूलरसमोर जी बसलीय
ती उठायला तयार नाही,
केस मागं उडताहेत आणि डोळे मिटलेले.

जन्मतारखेच्या रकान्याशी मी पोचले.
बाहेर व्हरांड्यात पेट्यांचे
तीन चौकोन धुळीत उमटलेले.
मी डिसेंबर लिहिला.
आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात तेव्हा,
ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं,
माणूस निघाला कुठं,
तर पाय तरी भाजत नाहीत.

बडे बाबू चष्म्यावरून पाहून म्हणाले,
"असं कसं मॅडम? एक जून टाका ना,
सगळ्यांची तीच असते."
मी म्हटलं, हिची नाही.
ही थंडीत झालेली आहे.
तुम्हाला दिसत नाही का?