खिळा

काटोले म्हणतील त्याच्या उलट,
एवढंच बाबांचं राजकारण.
महालातल्या ठेल्यावर, तर्री-पोह्यांच्या वाफेत,
रोज सकाळी.

मुद्दे कमी पडले तेव्हा
इतवारीतून पलीकडच्यांच्या पुस्तिका आणल्या.
"त्याचं तोंड बंद कराले फक्त."
आई म्हणाली, उसना अडकित्ता आहे,
काम झालं की परत करा.

परत कुठला.
गुरुवारचा उपास सुटला,
जुने मित्र दारावरूनच जाऊ लागले,
बैठकीतला एक फोटो उतरला, दुसरा चढला.
खिळा तोच.

परवा काटोलेंनी पक्ष बदलला.
आता ते बाबांचंच बोलतात,
बाबांपेक्षा मोठ्यानं.

बाबांच्या प्लेटीत तर्रीचा तवंग थिजलेला.
"काऊन वं पोरी,
याच्या तोंडून माझंच
खोटं वाटते?"