चिकटलेली पानं

पहिल्या शनिवारी सर्फराज शिकलगारनं दोनशे पानी वही उघडली
आणि जग जन्माला घालायला बसला.
आधी समुद्र, मग सात राजघराणी,
मग त्या राजघराण्यांचे आपापसातले सोयरसंबंध.
चौथ्या राजाच्या अभिषेकाला शीतल चौगुले घोरायला लागला.
तिसरं युग संपेस्तोवर मी भडंगाची पुडी संपवली.
"आमी कोन हाय तेवढं सांग की," राजलक्ष्मी म्हणाली,
"आणि मारायचं कुनाला?"

उद्यमनगर. बंद फौंड्रीचा माळा.
खाली वाळूचे साचे, वर आम्ही चौघं,
मध्ये वीस बाजूंचा पितळी फासा.
त्यानं स्वतः ओतलेला,
सतराकडे जरा झुकणारा.

मग पंचगंगा सुतारवाड्यात आली.
माणसं शाळेत गेली, म्हशी पुलाकडं,
वही फळीवर राहिली.
नवव्या दिवशी त्यानं ती गच्चीवर वाळत घातली,
पानापानाला चिमटे लावून.
सात राजघराणी एकमेकांत उतरली होती,
समुद्र तेवढा सगळीकडं पोचला होता.

त्यानंतर त्यानं सांगणं सोडलं.

आम्ही गावात शिरलो, तर वेशीवर वीरगळ.
तीन थर. मधला छिन्नीनं खरवडलेला.
"कुनी खरवडला?"
"दिसतंय तेवढं सांगितलं."
बाजारात मीठ सोन्याच्या तागडीत मोजत होते.
देवळातल्या घंटेला लोळी नव्हती.
नावाडी नाण्यावरचा चेहरा बघायचा आणि
राणीचं नाणं असलं तर
हात मागं घ्यायचा.
खानावळीत एक ताट रोज जास्तीचं वाढलेलं,
ते कुणाचं, असं विचारलं की
वाढपी पाणी आणायला जायचा.

मंगळवारी रात्री अकराला शीतलचा फोन.
तोच, अभिषेकात घोरणारा.
दिवसभर गांधीनगरात कापड फाडून आलेला.
"ऐक, मीठ आणि घंटा," तो म्हणाला,
"लोळी वितळवून तागडी केली असंल काय रं?"
मी म्हटलं, झोप.
मग मलाच झोप आली नाही.

एकदा सर्फराज चहा आणायला गेला तेव्हा
मी वही उघडली.
वीरगळाचं पान शोधलं.
चार पानांची एक वडी झालेली,
नखानं सोडवायला गेलं तर फाटणारी,
आणि वरच्या पानावर फिकट निळं काहीतरी,
अक्षर नव्हे, नुसता त्याचा रंग.
म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

मी वही होती तशी ठेवली.
चहा पिताना बोलून गेलो,
"तुला सगळं ठाऊक असतं काय रे?"
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग वहीकडं.
"साच्यात पोकळी नीट पाहिजे," म्हणाला,
"पितळ आपली वाट काढतंय."

पुढच्या शनिवारी मी म्हटलं,
तो मधला थर त्याच्या आईनंच खरवडला.
पोरगा मरतानाचं चित्र
तिला रोज वेशीवर बघायचं नव्हतं.
कुणी बोललं नाही.
खाली कुठंतरी लेथ चालू झालं, थांबलं.
सर्फराजनं कानावरची पेन्सिल काढली,
समासात, सुकलेल्या गाळाच्या रेषेवर, काहीतरी लिहिलं.
"व्हय," म्हणाला. "तिनंच."

आता राजलक्ष्मी कंटाळली होती.
सहा महिने सगळे त्या ताटाला वळसा घालून जेवत होतो.
"मी बसते तितं," ती म्हणाली.
"कुठं?"
"जास्तीच्या ताटावर."
"फासा टाक."
सतरा. दुसरं काय येणार.

वाढपी आला.
या वेळी पाणी आणायला गेला नाही.
तांबडा वाढला, पांढरा वाढला,
लिंबाची फोड कडेला सरळ केली,
आणि तिच्याकडं न बघता म्हणाला,
"लई उशीर केलासा."