मंगळवारी, साडेसहा ते आठ

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
खोली नंबर चार. हीटर नुसता खोकतो, तापत नाही.
मी फळ्यावर लिहिते: 'आय वॉज. यू वर. वी वर.'
आणि खाली एक रेघ ओढते, ठसठशीत,
धक्क्याच्या कठड्यासारखी.

तेस्फालेम मासळीच्या कारखान्यातून थेट येतो.
दहा तास हॅडॉकचे काटे उपसून
बोटं अजून चिमट्यासारखी मिटलेली;
पेन्सिलसुद्धा तो दप्तरातून काट्यासारखी ओढतो.
मिस, आमचा सुपरवायझर म्हणतो, 'वी वॉज'.
त्याचा जन्म इथला, त्याच्या आज्याचा जन्म इथला.
इंग्रजी त्याची. मग चुकतंय कोण?

सगळे हसतात. बोगुमिला हसत नाही.
ती माझी रेघ पट्टी लावून वहीत उतरवतेय.
रात्री ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची कूस बदलते.
त्या झोपेत जे बोलतात
ते कुठल्याच पुस्तकात नाही, असं एकदा म्हणाली होती.

परीक्षेत 'वर' लिहायचं, मी सांगते.
कौन्सिलच्या अर्जात 'वर'.
घरमालकाला पत्र लिहिताना तर 'वर'च.
आणि कारखान्यात?
मी मार्करचं टोपण लावते, काढते, लावते.

कसं सांगू, मी याच गावची,
गोदीमागच्या गल्लीतली.
नऊ वर्षांची असताना 'वी वॉज' म्हणाले
म्हणून मिस ऑटवेने अख्खा तास
भिंतीकडे तोंड करून उभं केलं.
भिंतीला हिरवा ऑइलपेंट,
त्यात अडकून वाळलेली एक माशी.
मी कानाला खडा लावला.
वडील ट्रॉलरवरून घरी आले की सुरू करायचे:
'वी वॉज ऑफ आइसलंड...'
आणि मी, त्यांच्याच गुडघ्यावर बसून,
त्यांना दुरुस्त करायचे.
ते थांबायचे. मान डोलवायचे.
गोष्ट तिथेच राहायची.

तिसऱ्या हिवाळ्यात कंपनीचं पत्र आलं.
टाइप केलेलं. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
आई ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावत होती
आणि मी शोधत होते,
एखादी तरी चूक सापडावी.

पुढच्या मंगळवारी धडा 'इफ'चा.
शिलान कामिश्लीची. तिकडे शाळेत तिच्या भाषेला बंदी,
म्हणून ती खिडक्या लावून, स्वयंपाकघरात,
शेजारच्या पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावायची,
गॅसवर चहा, कान दाराकडे.
तिला नियमांचा कंटाळा येत नाही.
उघड्यावर नियम शिकणं हीच तिला चैन वाटते.
तिने बोट उचललं:
'इफ माय सिस्टर वर हिअर.'
बहीण एक. मग 'वॉज' हवं ना?

कारण ती इथे नाही, मी म्हणाले.
जे नाही त्याच्यासाठी 'वर' येतं,
एकटं असलं तरी.

ती फळ्याकडे बघत राहिली. मग लिहिलं. खाली तारीख घातली.
आणि आली तर? तेस्फालेमने विचारलं.
तर 'इज'. 'शी इज हिअर.'
ते पहिल्याच धड्यात झालंय आपलं.

आठ वाजून गेले. केअरटेकर दारात किल्ल्या वाजवत:
अजून इथेच?
'वी वॉज जस्ट गोइंग,' माझ्या तोंडून निसटलं.
'वर', मिस, बोगुमिला म्हणाली,
दप्तराची चेन ओढता ओढता.
बरोबर, मी म्हणाले. अगदी बरोबर.
आणि दिवा मालवला.

जिना उतरताना, अंधारात, कठडा धरून
हळूच म्हणून पाहिलं:
'वी वॉज ऑफ आइसलंड...'

पुढचं वाक्य मला माहीत नाही.