लाइन बंद असताना

चंद्रेश्वराच्या डोंगराखाली राहून
मी सूर्याचा हिशेब ठेवतो.
कुडचड्याच्या खाण कंपनीत सव्वीस वर्षं खतावणी लिहिली,
खाण बंद पडली, हात बंद पडले नाहीत.
आता कौलांवर आठ पाट्या, फाटकाशी मीटर,
आणि निळ्या वहीत दोन रकाने :
आलेली वीज, गेलेली वीज.

मीटर आकडे आळीपाळीने दाखवतो.
एक-आठ लागला की घेतलेलं,
दोन-आठ लागला की दिलेलं.
सुलक्षा म्हणते, यात इतकं काय वाचायचं,
शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही,
एवढंच ना ते?
एवढंच.
दिवसा तारेकडे वाटी सरकवायची,
रात्री तीच भरून मागायची.

दिवसाची चालसुद्धा बदलली.
कपडे अकराला. विहिरीचा पंप साडेअकराला.
हुमणाचं वाटण पूर्वी सकाळीच व्हायचं,
ते आता उन्हाच्या मर्जीने, भर दुपारी.
म्हणजे माझ्या मर्जीने. सुलक्षाने हे दोनदा सांगितलंय.

साडेतीनला कायतानच्या माडाची सावली येते,
तिसऱ्या पाटीवर एक झावळ टेकवते,
आणि त्या एका झावळीने अख्खी ओळ सुस्तावते.
तोडू काय, कायतानने विचारलं होतं,
कुंपणावर कोपर ठेवून, खऱ्या मनाने.
माड काय शेंडा छाटून उरतो?
नको म्हटलं.
नाहीतरी आपली उरलेली वीज आधी त्याच्याच घरात शिरते,
असं पाट्या बसवणाऱ्या पोराने सांगितलं.
तेव्हापासून त्याच्या फ्रीजमधले बांगडे
माझ्या उन्हावर थंड असतात.
पैसे मात्र तो खात्याला भरतो.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मेमधला मंगळवार. आकाशात ढगाचा धागा नाही.
पाट्या इतक्या तापलेल्या की कावळाही बसेना.
बारा वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला.
इन्व्हर्टरवर तांबडा दिवा.
वर एवढा सूर्य, खाली अंधारी न्हाणी,
मिक्सरमध्ये खोबरं अर्धवट वाटलेलं.
कुंपणापलीकडून कायतान हसला :
"कितें रे, सूर्य गेलो?"

लाज वाटली. खरं तर रागच आला.
पावणेतीन लाख मोजले,
आणि तारेत जीव नाही म्हणून हा मठ्ठ डबा गप्प.
छत्री घेऊन तावातावाने निघालो.
कुणाला बोलायला, ते ठरलं नव्हतं.

वळणावरच्या खांबाखाली रबरी चपला होत्या,
नीट जोडीने, देवळाबाहेर काढाव्यात तशा.
वर फोंडू वेळीप.
हातमोजे कमरेला खोचलेले, पाठ घामाने काळी,
आणि दोन्ही हातांत उघडी तार.
माझ्याच घराकडून येणारी.

त्या पोराने हेही सांगितलं होतं,
मी वहीत लिहून घेतलं नव्हतं :
लाइन मेली की हा मुद्दाम मरतो.

मी छत्री मिटली. का, माहीत नाही.
मागे कौलांवर आठ पाट्या काठोकाठ भरलेल्या,
आणि थेंबभर सांडत नव्हत्या.

घरून तांब्या आणला. फोंडू उतरला, वरून पाणी प्यायला,
"जालें," म्हणाला,
चपला पायांत सरकवून पुढच्या खांबाकडे गेला.

पंखा आधी विकतच्या विजेवर फिरला.
डबा लगेच उठत नाही.
पाच मिनिटं तारेची नाडी बघतो,
तीनशेपासून उलटे आकडे.
मी स्टूल ओढून समोर बसलो, वही मांडीवर.
आलेली, गेलेली.
मधला पाऊण तास कुठल्या रकान्यात मांडू?
दोनशे चाळीस. दोनशे एकोणचाळीस.
स्वयंपाकघरात सुलक्षाने मिक्सर लावला,
माझ्या उन्हाची वाट न बघता.